आम्लधर्मी आणि क्षारधर्मी : एका वर्गीकरणाचा इतिहास

गेल्या वेळी आपण वात-पित्त-कफ आणि ग्रीक वैद्यांचे चार द्रव यांच्याविषयी बोललो. व्याख्यान संपल्यावर एका श्रोत्यांची चिठ्ठी आली. तीत लिहिलं होतं, "सर, लिंबू आंबट असूनही आहाराच्या तक्त्यात त्याला क्षारधर्मी का म्हणतात? आणि भाकरी आंबट नसताना ती आम्लधर्मी कशी?" प्रश्न साधा आहे, पण त्याचं उत्तर दोन मिनिटांत देता येत नाही. शिवाय या प्रश्नाशी आमच्या घरातली एक घटना जोडलेली आहे. ती शेवटी सांगू. म्हणून आजचं संपूर्ण व्याख्यान या एका चिठ्ठीसाठी.

आधीच सांगून टाकतो, आम्ही वैद्यक शिकलेलो नाही. आयुष्य तत्त्वज्ञान शिकवण्यात गेलं. त्यामुळे कोणी काय खावं हे सांगण्याचा आमचा अधिकार नाही. पण शब्द कुठून आला, वाटेत त्याचा अर्थ कसा बदलला, हे पाहण्याची सवय आम्हाला आहे. न्यायदर्शनात 'वाक्छल' नावाचा एक दोष सांगितला आहे. त्याचं प्रसिद्ध उदाहरण 'नवकंबल' या शब्दाचं. एक जण म्हणतो, हा मुलगा नवकंबल आहे. म्हणजे याच्याकडे नवी घोंगडी आहे. दुसरा म्हणतो, छे, याच्याकडे नऊ घोंगड्या कुठे आहेत? 'नव' म्हणजे नवा आणि 'नव' म्हणजे नऊ. शब्द एकच, अर्थ दोन, आणि भांडण अर्थाच्या मधल्या फटीत. आमचं म्हणणं एवढंच आहे की 'आम्ल' हा शब्द आज असाच नवकंबल झालेला आहे. त्याचे किमान तीन अर्थ आहेत. जिभेला लागणारा आंबटपणा हा एक. अन्न शरीरात जळल्यावर मागे जे उरतं त्याचा गुण हा दुसरा. आणि रक्ताची आम्लता हा तिसरा. या तिन्हींचा इतिहास वेगवेगळा आहे. तो आपण क्रमाने पाहू.

सुरुवात आपल्याकडून करू. आयुर्वेदात रस वेगळा आणि विपाक वेगळा. जिभेवर कळतो तो रस. पचनानंतर उरतो तो विपाक. गोड आणि खारट पदार्थांचा विपाक साधारणपणे मधुर, आंबटाचा आंबट, आणि तिखट, कडू, तुरट यांचा कटू, असा नियम आहे. पण नियमाला अपवाद सांगितले आहेत. आवळा घ्या. चवीला आंबट, पण त्याचा विपाक मधुर मानला आहे. म्हणजे जिभेवरची चव आणि पोटातला परिणाम या दोन निराळ्या गोष्टी असू शकतात, हा विचार आपल्याकडे फार जुना आहे. मात्र लगेच टाळ्या वाजवू नका. विपाक म्हणजेच आजचं 'आम्लधर्मी-क्षारधर्मी', असं काही लेखक लिहितात, ते बरोबर नाही. विपाक ओळखायचा तो शरीरावरच्या परिणामांवरून. त्यात राख मोजलेली नाही. दोन विचार एकमेकांसारखे दिसले म्हणून ते एक होत नाहीत.

आता क्षार. सुश्रुताने क्षार तयार करण्याला सूत्रस्थानात एक अख्खा अध्याय दिला आहे. वनस्पती जाळायची, राख पाण्यात कालवायची, गाळायची, आटवायची. तो क्षार शस्त्रासारखा वापरायचा. नको असलेलं मांस जाळून काढण्यासाठी. म्हणजे 'क्षार' हा शब्द मुळात राखेशी जोडलेला आहे. गंमत बघा, अरबी 'अल्-कली', ज्यावरून 'अल्कली' आला, त्याचा अर्थही वनस्पतीची राख असाच होतो. आणि चरकाने विमानस्थानाच्या पहिल्याच अध्यायात तीन पदार्थ अति प्रमाणात घेऊ नयेत असं बजावलं आहे: पिंपळी, क्षार आणि मीठ. क्षाराच्या अतिसेवनाने केस, डोळे, हृदय आणि पुरुषत्व यांना इजा होते असं त्याचं निरीक्षण. 'क्षारधर्मी म्हणजे चांगलं, जितकं जास्त तितकं उत्तम' असं आज जे ऐकू येतं, त्याला निदान चरकाचा आधार नाही, एवढं लक्षात ठेवा.

आता युरोपात जाऊ, कारण आजचा तक्ता तिथून आला आहे. सतराव्या शतकात नेदरलँड्समधल्या लायडन इथे फ्रान्सिस्कस सिल्व्हियस हे वैद्यकाचे प्राध्यापक होते. त्यांचं मत असं की शरीरातल्या क्रिया आम्ल आणि अल्कली यांच्या झटापटीतून चालतात. एकाचा अतिरेक झाला की रोग होतो. रोग आम्लाचा असेल तर औषध अल्कलीचं, आणि उलट. चार द्रवांच्या जागी दोन द्रव्यं आली. सोपं, सुटसुटीत, विद्यार्थ्यांना पाठ करायला छान.

यावर नेमका आक्षेप घेतला तो रॉबर्ट बॉइल यांनी. हे तेच बॉइल, ज्यांनी १६६४ साली व्हायोलेटच्या फुलांचं सरबत आम्लाने तांबडं आणि अल्कलीने हिरवं होतं हे लिहून ठेवलं. म्हणजे आम्ल ओळखायची परीक्षा जिभेवरून रंगावर आणणाऱ्यांत ते अग्रभागी. तरीही १६७५ साली त्यांनी या आम्ल-अल्कली सिद्धांतावर टीका केली. मुद्दा असा की ही मंडळी प्रत्येक गोष्टीत आम्ल आणि अल्कली पाहतात, पण या शब्दांची नक्की व्याख्या देत नाहीत. हा आक्षेप आजही जसाच्या तसा लागू पडतो.

यानंतर जवळपास दोनशे वर्षांनी पॅरिसमध्ये एक घटना घडली, ती आम्ही वर्गात दरवर्षी सांगत असू. क्लोद बेर्नार हे फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ. त्यांच्या १८६५ सालच्या प्रायोगिक वैद्यकावरच्या ग्रंथात हा किस्सा आहे. त्यांच्या प्रयोगशाळेत बाजारातून ससे आणले. टेबलावर ठेवल्यावर सशांनी लघवी केली. ती स्वच्छ आणि आम्ल होती. दुसऱ्या कोणी फडक्याने पुसून टाकली असती. बेर्नार थबकले. कारण गवत खाणाऱ्या जनावरांची लघवी गढूळ आणि अल्कलीयुक्त असते. स्वच्छ आणि आम्ल असते ती मांसाहारी प्राण्यांची. मग हे ससे मांसाहारी झाले की काय?

त्यांनी तर्क केला. सशांना बराच वेळ खायला मिळालेलं नसावं. उपाशी प्राणी स्वतःच्याच शरीरातलं मांस जाळून जगतो, म्हणजे उपाशी ससा एका अर्थाने मांसाहारीच. तर्कावर ते थांबले नाहीत. सशांना गवत दिलं. लघवी गढूळ आणि अल्कलीयुक्त झाली. पुन्हा उपाशी ठेवलं. दीड दिवसाच्या आत ती पुन्हा स्वच्छ आणि आम्ल. हेच घोड्यावर करून पाहिलं. मग सशांना थेट उकडलेलं थंड मांस खाऊ घातलं. दुसरं काही मिळालं नाही तर ससे ते खातात. लघवी आम्लच राहिली. तर्क पक्का झाला.

आम्लधर्मी-क्षारधर्मी अन्नाच्या कल्पनेचा आधुनिक पाया हा असा, सशाच्या लघवीत आहे. इथे एक गोष्ट ठळकपणे ध्यानात घ्या. बेर्नार यांना बदल दिसला तो लघवीत. रक्त आम्ल झालं असं त्यांनी म्हटलं नाही. शरीराने नको असलेलं बाहेर टाकलं, ते त्यांनी पाहिलं. कचऱ्याच्या डब्यात केळीची सालं दिसली म्हणून घरात सालांचा ढीग आहे असं होत नाही. उलट घर स्वच्छ आहे असं होतं.

लघवी का बदलते? मांस, मासे, अंडी, डाळी, धान्यं यांत प्रथिनं असतात. काही प्रथिनांत गंधक असतं. ते शरीरात जळलं की त्याचं गंधकाम्ल होतं. हे आम्ल उडून जात नाही. मूत्रपिंडालाच बाहेर काढावं लागतं. उलट फळं-भाज्यांत पोटॅशियम असतं, ते सायट्रेटसारख्या क्षारांच्या रूपात. सायट्रेट जळून कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होतं, वायू श्वासावाटे निघून जातो आणि मागे उरतं ते पोटॅशियमबरोबरचं बायकार्बोनेट, म्हणजे अल्कली. चिठ्ठीतल्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. लिंबाचा आंबटपणा जिभेवर खरा आहे. पण ते सायट्रिक आम्ल शरीरात जळून जातं, आणि मागे राहतो तो क्षार. भाकरी जिभेला आंबट नाही, पण धान्यातलं गंधक आणि फॉस्फरस मागे आम्ल ठेवतात. दोन्ही विधानं खरी, कारण पहिल्यातलं 'आम्ल' वेगळं आणि दुसऱ्यातलं वेगळं.

हे मोजून तक्ता करायचं काम १९१२ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात हेन्री शर्मन आणि गेटलर यांनी केलं. प्रत्येक अन्नात सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम किती आणि समोर क्लोरिन, गंधक, फॉस्फरस किती, याची वजाबाकी. बाकी ज्या बाजूला उरेल त्या बाजूचं नाव. मांस, मासे, अंडी, धान्यं आम्लाच्या बाजूला. बटाटा, बहुतेक फळं आणि भाज्या क्षाराच्या बाजूला. पण दोनच वर्षांनी, १९१४ साली, ब्लॅदरविक यांनी माणसांना हे पदार्थ खाऊ घालून लघवी तपासली. तक्ता बहुतेक ठिकाणी बरोबर निघाला, पण आलुबुखारासारख्या काही फळांनी दगा दिला. राखेच्या हिशेबाने ती क्षारधर्मी, प्रत्यक्षात लघवी जास्त आम्ल. कारण त्यांतलं एक आम्ल शरीर पूर्ण जाळू शकत नाही. म्हणजे शरीर ही भट्टी नव्हे, हे तेव्हाच दिसलं होतं.

१९९५ साली जर्मनीत रेमर आणि मान्झ यांनी हा हिशेब सुधारला. मूत्रपिंडावर किती आम्लभार पडेल याचा अंदाज त्यांनी दर १०० ग्रॅमला दिला. अंड्याचा भार अधिक ८.२, मसुरीसारख्या डाळीचा अधिक ३.५, परमेझान चीजचा तब्बल अधिक ३४.२; केळ्याचा उणे ५.५, बटाट्याचा उणे ४, लिंबाच्या रसाचा उणे २.५, पालकाचा उणे १४ आणि बेदाण्याचा उणे २१. दूध मजेदार आहे. शर्मन यांच्या तक्त्यात ते क्षाराच्या बाजूला होतं, इथे अगदी किंचित आम्लाच्या बाजूला गेलं. मापनाची पद्धत बदलली की सीमेवरचा माणूस पलीकडच्या गावात जातो, तसंच.

राहिला तिसरा अर्थ, रक्ताचा. इथे एक नाव आपल्या ओळखीचं आहे. १८३१ च्या अखेरीस इंग्लंडात कॉलऱ्याची साथ आली, तेव्हा विल्यम ओशॉघ्नेसी या तरुण डॉक्टरने रोग्यांचं रक्त तपासलं. त्यातलं पाणी, मीठ आणि अल्कली कमी झालेले आढळले. ते परत भरले पाहिजेत असं त्याने सुचवलं. १८३२ साली स्कॉटलंडमधल्या लीथ इथे थॉमस लाटा यांनी शिरेवाटे मीठ आणि सोड्याचं पाणी देऊन मरणपंथाला लागलेले काही रोगी उठवून बसवले. पुढे हेच ओशॉघ्नेसी कलकत्त्याला आले आणि हिंदुस्थानात तारायंत्राचं जाळं उभारणारे म्हणून प्रसिद्ध झाले. सांगायचा मुद्दा, रक्तातली अल्कली घटणं ही फार गंभीर गोष्ट आहे. ती कॉलऱ्यात, मधुमेहाच्या विकोपाला गेलेल्या अवस्थेत, मूत्रपिंड निकामी झाल्यावर होते. दोन वेळा भात-आमटी जेवल्याने होत नाही.

का होत नाही? १९०८ साली हार्वर्डच्या लॉरेन्स हेंडरसन यांनी रक्तातल्या कार्बोनिक आम्ल आणि बायकार्बोनेट यांच्या जोडीचं गणित मांडलं. १९०९ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन्सन यांनी पीएच ही मोजपट्टी दिली. निरोगी माणसाच्या रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्ट्यात राहतो. जठरात तो दोनच्या आसपास, लघवीत साडेचारपासून आठपर्यंत कुठेही. लघवी इतकी झुलते म्हणूनच रक्त जागचं हलत नाही. आणि प्रमाण बघा. श्वासोच्छ्वासातून आपण रोज साधारण १५,००० मिलिमोल कार्बोनिक आम्ल वायूरूपाने बाहेर टाकतो. अन्नातून येणारं, मूत्रपिंडाने काढायचं आम्ल सुमारे ७० मिलिमोल. फुप्फुसं एवढं काम न बोलता करतात, आणि आपण घाबरतो भाकरीला!

मग घोटाळा कुठे झाला? तक्ता लघवीविषयी बोलत होता, लोकांनी तो रक्ताविषयी वाचला. १९२०-३० च्या दशकांत अमेरिकेत विल्यम हॉवर्ड हे या डॉक्टरांनी, आम्ल साचणं हेच रोगांचं मूळ आणि चुकीचे पदार्थ एकत्र खाल्ल्याने ते साचतं, असा प्रचार केला. आपल्याकडेही निसर्गोपचाराच्या पुस्तकांतून आम्लधर्मी-क्षारधर्मी अशा याद्या घरोघर आल्या. सिल्व्हियस यांचाच दोन द्रव्यांचा सिद्धांत, फक्त रसायनशास्त्राचा नवा अंगरखा घालून.

त्यातले काही दावे तपासले गेले. १९६८ साली 'लॅन्सेट'मध्ये असा विचार मांडला गेला की आम्ल शमवण्यासाठी हाडांतला चुना झिजतो, त्यातून हाडं ठिसूळ होतात. कल्पना विचार करण्याजोगी होती. पुढे २००९ आणि २०११ साली फेंटन आणि सहकाऱ्यांनी सगळे अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा आम्लधर्मी आहाराने हाडं ठिसूळ होतात याला आधार मिळाला नाही. कॅन्सरच्या बाबतीत ओटो वॉरबुर्ग यांना 'अल्कलीत कॅन्सर जगत नाही' या शोधासाठी नोबेल मिळालं असं सांगतात. त्यांना १९३१ साली नोबेल मिळालं ते पेशींच्या श्वसनातल्या विकरावरच्या कामासाठी. अमेरिकेत या मताचा प्रसार करणाऱ्या एका लेखकाला २०१६ साली, परवाना नसताना वैद्यकी केल्याबद्दल कॅलिफोर्नियातल्या न्यायालयात दोषी ठरवण्यात आलं. म्हणजे हा नुसता शब्दांचा खेळ नाही.

अल्कलीचा अतिरेकही होऊन गेला आहे. १९१५ साली बर्ट्रम सिपी यांनी जठरव्रणासाठी दर तासाला दूध-साय आणि त्यांच्या मध्ये अल्कलीची पूड असा उपचार सांगितला. पोटाची आग थांबली, पण काही रोग्यांची डोकी दुखू लागली, शुद्ध हरपू लागली, मूत्रपिंडं बिघडली. १९२३ साली हे विषारी परिणाम नोंदवले गेले. चरकाने हातचं राखून ठेवलेलं वाक्य इथे आठवतं.

आता घरातली गोष्ट. आमची थोरली बहीण, अक्का, कराडला असते. तिला मधुमेह, त्यातून मूत्रपिंडं थोडी अशक्त झालेली. कोणा हितचिंतकाने तिला क्षारधर्मी आहाराचा छापील तक्ता दिला. सकाळी शहाळ्याचं पाणी, दुपारी पालकाचा रस, संध्याकाळी टोमॅटोचं सार, मधे दोन केळी, रात्री परत शहाळं. आम्ही फोनवर म्हटलं, "अक्का, छान आहे की, भाज्या-फळंच तर आहेत!" तेव्हा आम्हालाही यात काही वावगं दिसलं नाही, हे कबूल करतो. तीन आठवड्यांनी तिच्या पायांतलं बळ गेलं, छातीत धडधडायला लागलं. दवाखान्यात नेलं तर रक्तातलं पोटॅशियम धोक्याच्या वर. दोन दिवस जिवावरच बेतलं होतं.

ती बरी झाली. घरी सोडताना डॉक्टरांनी औषधं लिहून दिली, त्यांत एक गोळी होती सोडियम बायकार्बोनेटची. आम्ही चकित झालो. विचारलं, "डॉक्टर, म्हणजे अल्कलीच?" ते म्हणाले, "हो सर. आजींचं मूत्रपिंड आम्ल नीट काढत नाही, म्हणून ही हवी. पण तेच मूत्रपिंड पोटॅशियमही काढत नाही. तक्त्याने पहिलं पाहिलं, दुसरं पाहिलं नाही."

नंतर आम्ही वाचलं. २००९ साली लंडनमध्ये मूत्रपिंडाच्या १३४ रुग्णांवर दोन वर्षं झालेल्या अभ्यासात बायकार्बोनेट घेणाऱ्यांचं मूत्रपिंड हळू बिघडलं. २०२० साली ब्रिटनमध्येच वृद्ध रुग्णांवर झालेल्या मोठ्या अभ्यासात तसा फायदा दिसला नाही. अमेरिकेत २०१३ साली फळं-भाज्या आणि बायकार्बोनेट यांची तुलना झाली, त्यात फळं-भाज्यांनीही मूत्रपिंडाच्या इजेच्या खुणा कमी झाल्या. पण त्या अभ्यासात पोटॅशियम वाढण्याचा धोका कमी असलेलेच रुग्ण घेतले होते. अक्का त्यांत बसली नसती. म्हणजे तिच्या तक्त्यातला प्रत्येक पदार्थ खरोखरच क्षारधर्मी होता. तक्त्यात एकही आकडा खोटा नव्हता. फक्त तो कोणाच्या शरीरासाठी, हा रकाना त्यात नव्हता.

ज्यांची मूत्रपिंडं धडधाकट आहेत त्यांनी पालेभाजी, कोशिंबीर, फळं जरूर खावीत. त्यांचा फायदा आहेच, आणि तो सांगायला रक्त 'अल्कलाइन' करण्याची गोष्ट रचावी लागत नाही. आणि मूत्रपिंडाचा, हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर शहाळं, केळी, सोडा, काहीही तक्ता बघून सुरू करू नका. आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. एवढं आम्ही अधिकार नसतानाही सांगतो, कारण त्याची किंमत आम्ही दवाखान्याच्या बाकावर बसून मोजली आहे.

मागच्या महिन्यात कराडला गेलो होतो. जेवताना अक्काने वरणावर लिंबाची फोड पिळली आणि विचारलं, "अरे, हे आंबट की क्षार, एकदा नक्की सांग." आम्ही म्हटलं, "जिभेला आंबट, लघवीला क्षार, आणि रक्ताला काहीच नाही." ती म्हणाली, "मग एवढंच आधी सांगायचं ना!"

प्रश्न असतील तर विचारा.